पश्चात्ताप: देवाकडे परत फिरताना नेमके काय करायचे

चर्चच्या उज्जीवन सभेत (विश्वास पुन्हा जागवण्याच्या सभेत) हाक आली की लोक पुढे येतात, गुडघे टेकतात, रडतात. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राख लावून घेतात. ते रडणे बहुतेकदा खरे असते. अडचण सोमवारी सकाळी सुरू होते. ज्याचे पैसे बुडवले तो गल्लीत समोरून येतो, ज्या बहिणीचा हिस्सा लाटला तिचा फोन येतो, आणि आता काय करायचे हे कुणी सांगितलेले नसते. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चच्या समुदायांमध्ये), मग त्या शरणपूरच्या जुन्या वस्तीतल्या असोत की नाशिक रोडच्या, सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतीतल्या असोत की निफाड-दिंडोरीच्या खेड्यांतल्या, पश्चात्ताप इथेच अडकतो. देवापुढे झालेली गोष्ट माणसांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून इथे क्रमाने आणि शक्य तितके नेमके लिहिले आहे. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनाही उपयोगी पडावे असे आहे. जिथे पद्धत वेगळी, तिथे तसे सांगितले आहे.

आधी क्रम समजून घ्या

बायबलमधल्या लूक १५ च्या दाखल्यातला धाकटा मुलगा घरी निघताना बापाला काय सांगायचे ते पाठ करतो. त्या भाषणाचा शेवट असतो: मला तुमच्या एखाद्या मजुरासारखे ठेवा (वचन १९). प्रत्यक्षात बाप धावत येऊन गळ्यात पडतो. मुलगा बोलायला लागतो आणि मजुरीचे वाक्य तोंडातून निघायच्या आतच बाप चाकरांना झगा आणायला सांगतो (वचने २१-२२). मुलाला काम करून घरात जागा कमवायची होती. बापाने ती आधीच दिली.

पुढची प्रत्येक पायरी या स्वीकारानंतर येते. तुम्ही भरपाई कराल, उपास कराल, माफी मागाल, ते देवाने तुम्हाला स्वीकारावे म्हणून नव्हे. त्याने स्वीकारले आहे, म्हणून. रोम २:४ सांगते की देवाची ममताच माणसाला पश्चात्तापाकडे नेते. हा क्रम उलटा झाला की दोन गोष्टी होतात. एक तर माणूस थकून सोडून देतो, नाहीतर सगळे हप्ते फेडल्यावर ताठ मानेने दुसऱ्यांचा न्याय करायला बसतो.

दुःख कुठल्या जातीचे आहे ते तपासा

२ करिंथ ७:१० मध्ये पौल दोन दुःखे वेगळी करतो. देवाला अनुसरून असलेले दुःख तारणाकडे नेते, जगाचे दुःख मरणाकडे. वरून दोन्ही सारखीच दिसतात.

शौल राजा शमुवेल संदेष्ट्याला “मी पाप केले आहे” असे म्हणतो आणि त्याच दमात विनंती करतो की वडीलजनांसमोर माझा मान राखा (१ शमुवेल १५:३०). दावीद राजाही नाथान संदेष्ट्यापुढे तेच म्हणतो (२ शमुवेल १२:१३), पण मानाचे नाव काढत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताला इतके वाईट वाटले की त्याने चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली आणि मग गळफास घेतला. येशूला नाकारल्यावर पेत्रही बाहेर जाऊन फार रडला, पण तो शिष्यांमध्येच राहिला, आणि योहान २१ मध्ये किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच त्याने पाण्यात उडी टाकली. यहूदा पैसे परत करूनही प्रभूकडे आला नाही. नुसती भरपाई म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे कधीच उघडकीला येणार नाही अशी खात्री असती, तरी मला दुःख झाले असते का? माझे नाव गेले याचे दुःख जास्त आहे, की समोरच्याचे नुकसान झाले याचे? हे करण्याची संधी उद्या पुन्हा आली, तर मी खरोखर नको म्हणेन का? उत्तरे मनासारखी आली नाहीत तरी थांबू नका. तीच उत्तरे देवापुढे ठेवा. पूर्ण शुद्ध दुःख व्हायची वाट पाहणारा माणूस घरी कधीच निघत नाही.

एक गोष्ट इथेच. दुःख इतके गडद असेल की जगू नये असे वाटते, तर एकटे राहू नका. घरातल्या कुणाला आणि पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) लगेच सांगा आणि टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. जगू नये असे सांगणारा तो आवाज देवाचा नाही.

यादी लिहा

“प्रभू, माझी सर्व पापे क्षमा कर” ही प्रार्थना चुकीची नाही, पण त्यात कशालाच नाव नाही. ज्याला नाव नाही ते सुधारताही येत नाही.

एक साधी वही घ्या आणि तासाभराच्या दोन बैठका ठेवा, वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या बैठकीत निर्गम २० मधल्या दहा आज्ञा एकेक करून वाचा, दुसऱ्यात मत्तय ५ ते ७. प्रत्येक ठिकाणी थांबा आणि जे आठवेल ते एका ओळीत लिहा: काय केले, कुणाचे नुकसान झाले, साधारण कधी, ते अजून चालू आहे का, आणि माझ्याकडून काय देणे लागते. शेवटचे दोन मुद्दे लोक हमखास सोडतात आणि पुढचे सगळे काम त्यांच्यावरच उभे असते.

करायला हवे होते ते केले नाही, हेही लिहा. याकोब ४:१७ त्याला पापच म्हणते. आजारी आईला भेटायला गेलो नाही. मजुराला मारताना पाहिले आणि गप्प बसलो.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. माणूस आपल्या पापाबरोबर दुसऱ्याचे पाप लिहितो: “मी हात उचलला, पण तिने आधी...” त्या “पण” पुढचे सगळे खोडा. काही जण कृतीऐवजी स्वभाव लिहितात: “मी तापट आहे.” त्यापेक्षा “दिवाळीच्या आधी मुलाला पट्ट्याने मारले” असे लिहा. आणि काही हळव्या मनाची माणसे एकाच गोष्टीवर पन्नास वेळा परत येतात, आधी कबूल केलेलेही पुन्हा लिहितात. अशांनी स्वतः यादी करू नये. पाळकांसोबत किंवा फादरांसोबत बसून एकदाच करावी आणि ते म्हणतील तिथे थांबावे. त्रास तरीही थांबला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

वही कुलपात ठेवा. मोबाईलमध्ये लिहू नका.

कबुली: देवापुढे, आणि मग कुणापुढे

यादी हातात घेऊन मोठ्याने प्रार्थना करा. स्तोत्र ५१ चा आधार घ्या, कारण दावीद त्यात एकही सबब सांगत नाही. शब्द सुचत नसतील तर परंपरेने पश्चात्तापाची म्हणून मानलेली सात स्तोत्रे आहेत: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. आठवडाभर रोज एक घ्या. शेवटी १ योहान १:९ वाचा आणि तिथे दिलेले वचन तसेच धरा: तो विश्वसनीय व न्यायी आहे, तो क्षमा करील. क्षमा झाल्याची भावना आली नाही तरी ते वचन खरेच असते.

माणसांपुढच्या कबुलीचा नियम असा: नुकसान जेवढ्या लोकांचे, कबुली तेवढ्यांपुढे. मनातल्या मनात एखाद्याचा हेवा केला असेल, तर ते देवापुढेच पुरे. त्याला जाऊन सांगितलेत तर त्याच्या डोक्यावर नवे ओझे पडेल. एकाला शिवी दिली, तर त्या एकाकडे जा. समितीच्या बैठकीत खोटे बोललात, तर बैठकीतच सांगा. साक्षीच्या वेळी, म्हणजे सर्वांसमोर आपला अनुभव सांगताना, माईकवरून सगळे उघड करणे धाडसाचे वाटते, पण त्यात बऱ्याचदा पत्नीची, मुलांची किंवा दुसऱ्या कुणाची अब्रू त्यांना न विचारता चव्हाट्यावर येते.

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. प्रोटेस्टंट मंडळीत यासाठी पाळकसाहेब किंवा एखादे पोक्त, तोंड बंद ठेवणारे वडीलधारे निवडा. पुरुषाने पुरुषाकडे आणि स्त्रीने स्त्रीकडे जाणे बरे. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या) आधीची सामुदायिक पापकबुली सर्वांनी मिळून म्हणायची असते. ती अशा खाजगी बोलण्याची जागा घेत नाही.

कॅथलिक भाविकाला गंभीर पाप फादरांपुढे प्रकार आणि संख्या सांगून कबूल करावे लागते, आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे गंभीर पापांसाठी हे वर्षातून किमान एकदा बंधनकारक आहे. खूप वर्षांनी जात असाल, तर नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेच्या गर्दीत किंवा ईस्टरच्या आधीच्या पुण्य सप्ताहाच्या रांगेत उभे राहू नका. फादरांना आधी सांगून अर्ध्या तासाची वेळ मागा. आत गेल्यावर शेवटची कबुली कधी केली ते सांगा, मग यादी. प्रार्थना विसरलात तर ते म्हणून घेतात. तिथले बोलणे फादर कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत. सांगितलेले प्रायश्चित्त त्याच दिवशी पूर्ण करा, कारण पुढे ढकलले की राहून जाते.

व्यभिचार झाला असेल तर जोडीदाराला सांगण्यापूर्वी पाळकांशी किंवा समुपदेशकाशी बोला, कधी आणि कसे सांगायचे ते ठरवा. पण आजाराचा धोका असेल तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. निकाल कळेपर्यंत जोडीदाराला धोक्यात घालू नका.

आणि जिथे लहान मुलाचा लैंगिक छळ झाला आहे, तिथे हे प्रकरण मंडळीच्या आत मिटवायचे नसतेच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ज्याने केले त्याचा पश्चात्ताप खरा असेल तर तो कायद्याला सामोरा जाईल. घरातल्या लहानग्याला “काकांना माफ कर” म्हणून गप्प करणे हे दुसरे पाप आहे.

माफी मागायची भाषा

प्रत्यक्ष भेटा. निरोप, व्हॉट्सॲप, तिसरा माणूस नको. फक्त जिथे तुमच्या जाण्यानेच समोरच्याला भीती वाटेल, म्हणजे मारहाण किंवा छळ झालेला असेल, तिथे न भेटता पाळकांमार्फत पत्र द्या, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवू नका.

“काही चुकले असेल तर माफ करा” हे वाक्य वापरू नका. “असेल तर” म्हणताच चूक पुन्हा समोरच्याच्या पदरात पडते. असे बोला:

“ताई, बाबा गेल्यावर जमिनीतला तुझा हिस्सा तू सोडावास म्हणून मी तुझ्यावर दबाव आणला. आईचा आजार सांगून सही घेतली. ते पाप होतं. तुझं नुकसान झालं आणि दहा वर्षं तू माहेरी आली नाहीस, तेही माझ्यामुळे. मी तुझी क्षमा मागतो. हिस्सा परत द्यायचा ठरवलंय, कसा ते तुझ्याशी बोलून ठरवू. तुला काय म्हणायचंय ते सांग, मी ऐकतो.”

मग खरेच ऐका. ती पंधरा मिनिटे रागाने बोलेल. मध्ये खुलासा करू नका. ती “माफ केलं” म्हणाली नाही तर “पवित्र शास्त्र सांगतं तू माफ केलंच पाहिजेस” असे तर अजिबात म्हणू नका. क्षमा करायची की नाही हा तिचा देवाशी हिशेब आहे, तुमचा नाही.

मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा. म्हणून भेट शक्यतो येत्या प्रभुभोजनाच्या आधी करा. तारीख न घातलेली भेट होत नाही.

परतफेड

या भागावर मंडळीत सगळ्यात कमी बोलले जाते, आणि शास्त्र सगळ्यात नेमके इथेच आहे. स्वतःहून कबूल करणाऱ्याने घेतलेले पूर्ण परत करावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा (लेवीय ६, गणना ५:७). चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल तर चार मेंढरे, बैलाबद्दल पाच (निर्गम २२:१). लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले, म्हणजे स्वतःला चोराचा कडक नियम लावला, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. हे नियम आज जसेच्या तसे कायदा म्हणून लागत नाहीत. तरी त्यांतून दोन गोष्टी कळतात: मुद्दल पूर्ण द्यायचे, आणि समोरच्याने इतके दिवस सोसले त्याचेही काही द्यायचे.

समजा, भिशीचे किंवा महिला मंडळाचे ६०,००० रुपये वापरून टाकले. पाचवा हिस्सा १२,०००, एकूण ७२,०००. एकदम जमत नसेल तर महिना ६,००० असे १२ हप्ते. कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि पहिला हप्ता माफी मागायला जाल त्याच दिवशी द्या. झेपणार नाही असा हप्ता ठरवू नका. तिसऱ्या महिन्यात तो चुकला की आधी मागितलेली माफीही खोटी ठरते. कर्ज काढून किंवा पत्नीचे दागिने तिला न विचारता मोडून भरपाई केली, तर त्यात नवा अन्याय होतो.

द्राक्षबागायतदाराने छाटणीला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळीची मजुरी कापली असेल, तर मुकादमाकडे पैसे देऊन मोकळे होऊ नका. मजुरांची नावे मिळवा आणि प्रत्येकाच्या हातात किंवा खात्यात द्या. अडवलेल्या मजुरीची ओरड देवाच्या कानी जाते असे याकोब ५:४ सांगते. कांद्याच्या वजनात मारलेला काटा, घरावर टाकलेला विजेचा आकडा, कंपनीतून आणलेला माल, हे सगळे याच यादीत येते. जिथे कबुलीतून गुन्हा दाखल होऊ शकतो, तिथे आधी वकिलाला भेटा. परतफेड टाळायला नव्हे, ती नीट पार पडावी म्हणून.

जमिनीचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या कुटुंबांत सगळ्यात जुनी जखम तीच असते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय वारसा अधिनियम, १९२५ लागतो. विधवेला एकतृतीयांश, उरलेले दोनतृतीयांश मुलांमध्ये समान, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. म्हणजे आई, एक मुलगा आणि एक मुलगी असतील तर तिघांचा वाटा सारखाच. “लग्नात खर्च केला, आता तिचे काय” हे कायद्यातही बसत नाही. बहिणीकडून फसवून हक्कसोडपत्र घेतले असेल तर तोंडी “तुझेच आहे” म्हणून भागत नाही. वकिलाकडून दस्त तयार करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, मग तलाठ्याकडे फेरफाराची नोंद करून तिचे नाव सातबाऱ्यावर चढले की नाही ते उतारा काढून पाहा. दस्ताचा खर्च तुम्ही करा. जमीन विकली गेली असेल तर तिच्या हिश्शाची आजच्या दराने रक्कम धरा.

ज्याचे देणे तो वारला असेल तर वारसांना द्या. वारसही नसतील तर गणना ५:८ प्रमाणे ते परमेश्वराचे. गरिबांसाठी द्या, पावतीवर स्वतःचे नाव न घालता.

पैशात न मोजता येणारेही असते. कुणाची खोटी बदनामी केली असेल तर ज्या ज्या घरी ती सांगितली, त्या घरी जाऊन “मी खोटे बोललो” असे सांगावे लागते. हे सगळ्यात जड जाते.

वाट तोडणे

इफिसातल्या जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमोर जाळली. किंमत ५०,००० चांदीची नाणी भरली (प्रेषितांची कृत्ये १९:१९). ती विकून पैसे दान करता आले असते, पण त्यांनी पुस्तके दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिली नाहीत. पाप हराळीसारखे असते, वरून खुरपले तर आठ दिवसांत पुन्हा फुटते. मूळ निघेपर्यंत खणावे लागते. व्यभिचाराचा संबंध असेल तर त्या बाईचा किंवा पुरुषाचा नंबर काढून टाका. जुगाराचे ॲप आणि त्याला जोडलेले खाते बंद करा. मोबाईलवर घाणेरडे पाहण्याची सवय असेल तर तो रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. कामावरून येताना वाटेत गुत्ता असेल तर रस्ता बदला.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र प्रार्थनेच्या भरात एका रात्रीत एकट्याने सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास, आकडी येऊ शकते आणि त्यात जीवही जातो. आधी डॉक्टरांना भेटा, गरज पडली तर दाखल व्हा. औषध घेणे हा अविश्वास नाही. पुढे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, सभांना जा. उपासाचेही तसेच: मधुमेही, गरोदर आणि गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून करावा, किंवा जेवणाऐवजी टीव्ही-मोबाईल सोडावा. कॅथलिक चर्चही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी १८ ते ५९ वयाच्यांना उपास सांगते, आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडे खाणे चालते. आजाऱ्यांना सूट आहेच.

रिकामे घर भरणे

मत्तय १२:४३-४५ मध्ये अशुद्ध आत्मा निघून गेलेले घर झाडून, सजवून रिकामे ठेवलेले असते, म्हणून तो आणखी सात जणांना घेऊन परत येतो. इफिस ४:२८ म्हणूनच चोराला नुसते चोरी सोड म्हणत नाही; हातांनी काम कर आणि गरजवंताला दे, असे सांगते. ज्या वेळी पाप होत असे त्याच वेळी दुसरे काही ठेवा. संध्याकाळी सात ते नऊ अवघड जात असेल तर घरची प्रार्थना सकाळी न ठेवता तेव्हाच ठेवा. आठवड्यातून एकदा एकाच माणसाला भेटा, आणि त्याने ठरलेले प्रश्न विचारावेत: हप्ता गेला का, त्या वाटेने गेलास का, काय लपवतो आहेस? निदान पहिले वर्षभर तरी हे चालू ठेवा.

पुन्हा पडलात तर चोवीस तासांच्या आत त्याला सांगा. पडण्यापेक्षा पडल्यानंतरच्या लपवण्यात जास्त नुकसान होते. वही काढून फक्त नवी ओळ लिहा, जुनी यादी पुन्हा उगाळू नका. प्रत्येक वेळी आधी काय घडले होते तेही लिहा: पगाराचा दिवस, भांडण, एकटेपणा. चार-पाच नोंदी झाल्या की मूळ कुठे आहे ते दिसू लागते.

मंडळीने काय करायचे

करिंथच्या मंडळीने एका चुकलेल्या माणसाला शिक्षा केली होती. पौल त्यांना लिहितो की त्या माणसाला झालेली शिक्षा पुरे. आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो अतिदुःखाने ग्रासून जाईल (२ करिंथ २:६-८). पश्चात्ताप करून आलेल्याबद्दलची कुजबुज तिथेच थांबवा. लग्नाला, बारशाला त्याला बोलवा. बाकावर त्याच्या शेजारी बसा. त्याच्या पत्नीला “तू सांभाळून घे” असा उपदेश करू नका. तिला विश्वास बसायला लागेल तेवढा वेळ घेऊ द्या, आणि मारहाण झालेली असेल तर ती सुरक्षित राहते कुठे ते आधी पाहा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

संगतीत परत घेणे आणि जबाबदारीवर परत घेणे या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवा. ज्याने फंडाचे पैसे वापरले त्याला येत्या रविवारी प्रभुभोजनाला मायेने बोलवा, पण खजिनदारीची किल्ली देऊ नका. त्याला स्वतःला ती नको वाटायला हवी. मुलांना इजा केलेल्याला शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या वर्गात) कधीच परत घेऊ नका, कितीही वर्षे गेली तरी. बाकीच्यांबाबत मंडळीच्या पंचकमिटीने लेखी ठरवावे: कुठली सेवा, किती महिन्यांनी, कुणाच्या देखरेखीखाली. आणि ठरलेली मुदत संपली की त्याने आठवण करून देण्याची वाट न पाहता पंचकमिटीनेच त्याच्या घरी जावे.